जांभूळचा चढ आणि चार अंश

आमच्या नाशिकच्या गल्लीत कोणी बदलापूरला निघालं की फ्लॅट बघायला चाललं असं समजतात. पावसाळा असेल तर धरण बघायला. मी फेब्रुवारीत गेले आणि मला यातलं काहीच बघायचं नव्हतं. मला एका जीपखाली आडवं पडून एक कोन मोजायचा होता. त्यासाठी पाच दिवस लागले आणि बदलापूर, उल्हासनगर, अंबरनाथ अशी तीन गावं बघून झाली. प्रवासवर्णन लिहावं एवढं लांब हे नाही. नाशिकहून सकाळी निघालं की दुपारचं जेवण तिथे होतं. तरी लिहिते आहे, कारण परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय बघितलं, आणि मला नीट सांगता आलं नाही. मला तोंडी सांगता येत नाही. लिहिता थोडं येतं.

जीप माझ्या भावाची, निखिलदादाची. जुनी, चाकांवर स्प्रिंगऐवजी जाड पोलादी पाटे असलेली. डोंगरातल्या वाटांवर खडक पोटाला लागू नये म्हणून त्याने ती स्वतः उंच करून घेतली होती. गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर तो मित्रांबरोबर बदलापूरजवळच्या जांभूळ गावाकडे चढावर गाडी चालवायला गेला. तिथे गाडीखाली मोठा आवाज झाला. दादाने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि उतरून मागे बघायला गेला. मागच्या चाकांना इंजिनाचा जोर नेणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, वरच्या टोकाला तुटून लोंबत होता. या जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, त्या शाफ्टच्या मुळाशी धरतो. शाफ्ट तुटला की हँडब्रेक नुसता नावाला. गाडी मागे सरकली आणि दादाचा पाय चाक आणि खडक यांच्यामध्ये सापडला.

पायात सळई आहे. काठी घेऊन चालतो. चार महिन्यांत तो कुठल्याही गाडीत पुढच्या सीटवर बसलेला नाही. बाबांनी जाहीर केलं की जीप भंगारात जाईल. ती तोवर बदलापूरला आमच्या मामांच्या इमारतीखाली उभी होती. मी म्हटलं, मी जाऊन बघते काय करायचं ते. घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण मी रिक्षावाल्यालाही पत्ता सांगायचं टाळते.

मी का गेले ते इथेच सांगून टाकते. गाडी उंच केली की शाफ्टचा उतार वाढतो आणि खालच्या टोकाचं पिनियन, म्हणजे शाफ्टकडून जोर घेणारा दात्यांचा दांडा, त्याचं तोंड किती वर बघायला हवं ते नव्याने ठरवावं लागतं. दादाने त्यासाठी इंटरनेटवरचा एक इंग्रजी लेख शोधला होता. घरात इंग्रजीचं काही आलं की ते माझ्याकडे येतं. विम्याचे कागद, औषधाची चिठ्ठी, बाबांचे ऑफिसचे मेल. मी इंग्रजी शाळेत शिकले, दादा मराठी. लेख मी वाचून मराठीत सांगितला: पिनियनचं तोंड सरळ वरच्या टोकाकडे वळव. त्याच्या खाली एक ओळ होती. त्यात एक शब्द मला कळला नाही. दादाने विचारलं, "खाली काय लिहिलंय?" मी म्हणाले, "ते तिकडच्या एका कंपनीच्या शाफ्टबद्दल आहे. आपल्याला लागू नाही."

माहीत नाही असं म्हणायला मला जमलं नव्हतं. शाफ्ट त्या कोनामुळे तुटला की आणखी कशामुळे, हे मला कळायला हवं होतं. आणि कळलं तर ते सांगणं जमेल का, हेही.

हेंद्रेपाडा

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात सुधाकरमामांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मामा अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले तरी सकाळी सातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतात. मी पाया पडायला वाकले तर मामांनी अडवलं, "जय भीम म्हण, पुरे. बस." मामीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्याकडे बाजरी. तांदळाची भाकरी हातात घेतली की तुटेल अशी भीती वाटते, आणि तुटत नाही.

जेवताना मामा म्हणाले, "निखिलचं चुकलं एवढंच की चाकामागे दगड लावला नाही. चढावर उतरायचं तर आधी दगड. आमच्या कारखान्यात ट्रॉलीलासुद्धा लाकडाचा गुटका लावल्याशिवाय कोणी हात सोडत नव्हतं."

घरीही सगळे हेच म्हणतात. दादा स्वतःही. मी भाकरीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पार्किंगमध्ये गेलो. जीपवर धुळीचा थर होता आणि बॉनेटवर कोणीतरी बोटाने 'धुवा' असं लिहिलं होतं. मी दादाचा कोन मोजायचा डायल बरोबर आणला होता. घड्याळाएवढी तबकडी, पाठीला चुंबक. लोखंडाला चिकटवली की काटा अंश दाखवतो. खाली नीट शिरता यावं म्हणून मी जॅक लावून गाडी मागून उचलली, पिनियनपाशी डायल चिकटवला आणि आकडा वहीत लिहिला. मामा उभे राहून बघत होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी वही घेतली आणि आकड्यावर काट मारली.

"चाकं कुठंयत?"

"हवेत."

"मग हा कोन कोणाचा मोजलास? लटकत्या गाडीचा. गाडी रस्त्यावर लटकून चालते का? उतरव. स्वतःच्या वजनावर उभी राहू दे, मग विचार तिला."

गाडी उतरवली. मामांनी मागचा बंपर दोनदा खाली दाबून सोडला, पाटे जागेवर बसावेत म्हणून. मग मी परत खाली शिरले. शाफ्ट काढलेला होता, म्हणून त्याच्या उतारासाठी मामांनी मामीची कपडे वाळत घालायची काठी दोन टोकांमध्ये धरली. वरून गॅलरीतून मामी ओरडली, "तेल लागलं तर तुमचेच शर्ट वाळत घालणार त्याच्यावर."

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. "मिसाळसाहेब, हे काय गॅरेज सुरू केलंय का? मीटिंगमध्ये विषय निघालाय गाडीचा."

"चार महिने विषयच निघतोय," मामी वरून म्हणाली. "आता गाडी निघू द्या की."

सेक्रेटरी हसले नाहीत, पण गेले. मी गाडीखालीच होते आणि मला ते बरं वाटलं. गाडीखाली कोणी तुमच्याशी बोलत नाही.

आकडे असे आले. वरचं टोक मागे पाच अंश खाली बघत होतं. खालचं पिनियन तेरा अंश वर बघत होतं. शाफ्टचा उतार सोळा. म्हणजे वरच्या सांध्यात अकरा अंशांचा वाक आणि खालच्या सांध्यात फक्त तीन. पाट्याच्या बैठकीत, पिनियनचं तोंड वर करायला दादाने बसवलेल्या पोलादी पाचरी दिसत होत्या, सहा अंशांच्या, कडा कानशीने गोल केलेल्या. लेखात लिहिलं होतं तशाच. मी वाचलं होतं तशाच.

संध्याकाळी गॅलरीत बसून मी फोनवर तो लेख पुन्हा उघडला. ओळ होती तिथेच होती. मी ती वाचली आणि फोन पालथा ठेवला.

उल्हासनगर

तुटलेला शाफ्ट मामांनी गोणपाटात बांधून ठेवला होता. रिक्षात तो आमच्या दोघांच्या पायांत आडवा. उल्हासनगरमध्ये सगळं दुकानातून रस्त्यावर आलेलं असतं. जीन्सच्या थप्प्या, सोफ्याचे सांगाडे, फर्निचरच्या पॉलिशचा वास. पाट्या मराठीत, बोलणं हिंदी आणि सिंधीत, आणि तिन्ही एकाच वाक्यात. आमच्याकडे दुकानदार आधी विचारतो काय हवंय. इथे आधी बसवतात.

शाफ्टची दुरुस्ती करणाऱ्या त्या सिंधी गृहस्थांना सगळे साईं म्हणतात. साठीचे, जाड चष्म्याचे, हाताच्या रेघांमध्ये ग्रीस कायमचं बसलेलं. मामा त्यांना कारखान्यापासून ओळखत होते. आम्ही बसलो तसं एका थाळीत भाजलेले पापड आणि पाण्याचे दोन ग्लास समोर आले.

"आधी पापड," मामा मला हळूच म्हणाले. "पापड खाल्ल्याशिवाय इथे काम निघत नाही."

मी पापड मोडला. त्याचा आवाज एवढा मोठा झाला की मी तो तोंडात विरघळेपर्यंत चावला नाही.

साईंनी गोणपाट सोडलं. शाफ्टच्या प्रत्येक टोकाला सांधा असतो, अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याला इथे क्रॉस म्हणतात. त्याच्या चार टोकांवर टोप्या, आणि टोप्यांत केसाएवढ्या बारीक पोलादी सुया, ज्यांवर सगळं फिरतं. मामांनी तुटलेल्या वरच्या क्रॉसचे तुकडे वर्तमानपत्रात बांधून आणले होते. साईंनी ते एका पांढऱ्या कागदावर मांडले. मग खालच्या टोकाचा, न तुटलेला क्रॉस काढला आणि त्याची टोपी त्याच कागदावर उपडी केली. सुया बाहेर पडल्या. चकचकीत, सरळ, एकसारख्या.

वरच्या क्रॉसची टोपी उपडी केली. तपकिरी भुकटी पडली.

"बघ ताई," साईं म्हणाले. ते मामांशी न बोलता माझ्याशी बोलले, आणि हे तिथे पहिल्यांदाच झालं. "ये नीचेवाला. नवा आहे अजून. ये उपरवाला. सुई का पावडर झाला. ये एक दिन का काम नाही. दोन-तीन महिने मरत होता."

"गाडी थरथरायची," मी म्हणाले. "पन्नासच्या पुढे. त्याला वाटलं टायर."

"टायर बदली केले असतील."

"बॅलन्स केले. दोनदा."

साईंनी मान हलवली. मग त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले आणि मनगटं वाकवली, एक वर, एक खाली. "ऐसा. दोनों तरफ सारखा वाकला पाहिजे. एक झटका देतो, दुसरा तो झटका खाऊन टाकतो. वाकल्याने क्रॉस नाही मरत. एकट्याने वाकला की मरतो." त्यांनी खालचं मनगट सरळ केलं. "अँगल किसने रखा ये?"

"भाच्यानं," मामा म्हणाले. "नेटवर बघून."

"हां, तो बराबर. नेट पे जो गाडी दाखवतात ना, उसका उपर दोन क्रॉसवाला जॉइंट असतो. जोडी. वो जोडी आपसातच हिसाब करती, इसलिए नीचे सीधा चलता है. आपला सिंगल. उधर का दवाई इधर के पेशंट को." ते हसले. मामाही थोडे हसले. "लिहिलेलं असतं नीचे. डबल कार्डन. लोक पढते नाही पूरा."

पापडाची थाळी माझ्या मांडीवर होती. मी ती बाकावर ठेवली. लोक पढते नाही पूरा. मी पूरा वाचला होता.

त्या दुकानात मी दोन तास बसले. साईंनी दोन्ही टोकांना नवे क्रॉस घातले. शाफ्टच्या दोन भागांवर पांढऱ्या रंगाने बाण काढले, आणि ते समोरासमोर नसतील तर सगळं फुकट, असं तीनदा सांगितलं. मग शाफ्ट मशीनवर फिरवून, तोल साधायला एका ठिकाणी नाण्याएवढी पट्टी वेल्ड केली. मधेच समोरून दाल पकवान आलं. कुरकुरीत पुरीवर घट्ट डाळ, वर कांदा आणि चिंच. खाताना मला चव लागत होती याची मला लाज वाटली.

रिक्षात मामा म्हणाले, "गप्प झालीस."

"मी गप्पच असते," मी म्हणाले.

बुवापाडा

आता पाचरी. दादाच्या पाचरी काढून टाकल्या तरी पिनियन सातावर येणार होतं, कारण गाडी उंच करताना त्याने पाट्यांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे मागचे दुवे लांब लावले होते आणि त्यांनीच पिनियनचं तोंड आधी थोडं वर केलं होतं. आम्हाला हवे होते चार. खरं तर पाच, वरच्या टोकाएवढेच. पण गाडीला जोर लागला की पाटा पिळतो आणि पिनियन अंशभर वर उचलतं. ती जागा आधीच सोडून ठेवायची. म्हणजे तीन अंशांची पाचर, उलट्या दिशेने.

अंबरनाथला बुवापाड्यात मामांचे जुने सहकारी पवारकाका राहतात. बैठी घरं, दारात पाण्याचे निळे पिंप, प्रत्येक तिसऱ्या घरातून कुठलं तरी यंत्र चालल्याचा आवाज. काकांच्या पुढच्या खोलीत मिलिंग मशीन आहे आणि मागच्या खोलीत संसार. मधल्या दारावर पडदा, म्हणजे लोखंडाचा कीस पोळीच्या पिठात उडू नये. नाशिकला आमच्या बाजूला काम आणि घर यांच्यात निदान एक बसस्टँड असतो.

"ही का इंग्लिश मीडियम?" काकांनी मामांना विचारलं.

"हीच."

"बरं झालं." काकांनी खणातून एक घडीचा कागद काढला. नवीन हत्याराबरोबर आलेला, बारीक इंग्रजी अक्षरांचा. "यातली ही ओळ सांग बरं बाळा. आठवडा झाला अडलंय."

मी ओळ वाचली. सगळे शब्द मला माहीत होते. एकत्र त्यांचा अर्थ मला लागत नव्हता. काका वाट बघत होते, मामा बघत होते. पडद्यामागे पोळी लाटायचा आवाज थांबला, किंवा मला तसं वाटलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "शब्द कळतात. पण मशीनच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, ते कळत नाही."

"अच्छा," काका म्हणाले. त्यांनी कागद परत घडी केला. "मग दुकानदाराला फोन करून विचारतो." आणि त्यांनी लोखंडाचा तुकडा मशीनच्या शिकंज्यात घट्ट केला. एवढंच झालं. मशीन सुरू झालं आणि मी त्या कागदाकडे बघत राहिले.

पाचरी व्हायला दुपार झाली. काकांनी त्या पुसून एका सपाट पोलादी पाटावर ठेवल्या आणि मागे सरकले. मी मोजायला डायल त्यांच्या हातात देऊ लागले तर त्यांनी हात मागे घेतले.

"मी नाही. मी केल्यात."

मामा पुढे झाले. "आमच्याकडचा नियम आहे हा. ज्यानं केलं त्यानं पास करायचं नाही. साहेब असो की हेल्पर. केलेल्या माणसाला आपली चूक दिसतच नाही, आणि दिसली तर मन मानत नाही." त्यांनी दोन्ही पाचरी मोजल्या, तोंडाने आकडा सांगितला, मग मला मोजायला लावलं आणि मी सांगितलेला आकडा आपल्या आकड्याशी जुळल्यावरच वहीत लिहिला. काका लांब उभे राहून हात पुसत होते, निकाल लागेपर्यंत मुलाने उभं राहावं तसे.

परत येताना आम्ही स्टेशनपर्यंत चालत निघालो. पाचरी माझ्या पिशवीत होत्या. मी म्हणाले, "मामा, तो लेख मी वाचून दाखवला होता."

"कुठला?"

"कोनाचा. दादाला. साईं म्हणाले ना, खाली लिहिलेलं असतं. लिहिलेलं होतं. मला तो शब्द माहीत नव्हता. मी म्हटलं, कंपनीचं नाव आहे, लागू नाही."

मामा चालायचे थांबले नाहीत.  एका दुकानापाशी त्यांनी चप्पल झटकली, जणू खडा गेला होता.

"निखिलला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस? मी म्हणू, जाऊ दे? की मी म्हणू, तू पाय मोडलास त्याचा?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या हातात नाही ते पास करणं. पाय त्याचा आहे."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. रात्री मामीने विचारलं, भूक नाही का, तर मामाच म्हणाले, "दमलीय. उद्या गाडी चालवायचीय तिला."

जांभूळचा चढ

पाचव्या दिवशी सकाळी पाचरी बसवल्या, जाड बाजू दादाच्या पाचरींच्या बरोबर उलट. मामांनी त्यावर आधीच पंचाने बाण ठोकून ठेवला होता. शाफ्ट चढवला, पांढरे बाण समोरासमोर. गाडी चाकांवर उभी करून मामांनी मोजलं. पिनियन चार. त्याचं तोंड खाली आलं तसा शाफ्टचा उतारही वाढून एकोणीस झाला होता. सांध्यांत वर चौदा अंशांचा वाक, खाली पंधरा. मला धक्का बसला. वाक तर वाढला होता. मग साईंची मनगटं आठवली. कमी करायचा नव्हता, सारखा करायचा होता.

दादाने मला गाडी शिकवली ती हीच. शेवटची चालवली तेव्हा स्टिअरिंग हातात मुंग्या आल्यासारखं थरथरायचं आणि पन्नासनंतर फरशीखालून भुंग्यासारखा आवाज यायचा. मी गावाबाहेर पडले आणि वेग वाढवत नेला. चाळीस. पन्नास. मी कान देऊन ऐकत होते. पंचावन्न. वाऱ्याचा आवाज होता, इंजिनाचा होता, मामांच्या खिशातल्या किल्ल्यांचा होता. तो आवाज नव्हता. मामांनी पायाने फरशी चाचपली.

जांभूळच्या अलीकडे पाणी शुद्ध करायच्या केंद्राची लांब भिंत लागते. तिच्यापुढे वाट डावीकडे डोंगराला लागते. पळस फुललेला होता, पानं एकही नाही. चढ मी कल्पना केली होती त्यापेक्षा लहान निघाला. गाडी हळूहळू, न धडपडता वर गेली. अर्ध्या वाटेवर मामा म्हणाले, "हीच जागा." मी ब्रेक दाबून धरला. मामा उतरले, एक काळा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि मागच्या चाकाखाली ठोकून बसवला. मग मला उतर म्हणाले.

चढाच्या कडेला एक बाई सुकं लाकूड गोळा करत होत्या. त्या जीपकडे बघत जवळ आल्या. लंगडत चालायचा अभिनय करून त्यांनी विचारलं, "तो पोरगा तुजा भाऊस काय?"

"हो."

"मीच पानी दिलतं त्याला. कसा हाय पाय?"

"चालतो. काठीने."

"चालतो ना. बस." त्यांनी चाकाखालचा दगड बघितला. "आज लावलाव दगर. त्या दिशी नव्हता. आमी तं बैलगारीला पन लावतो." आणि मोळी सावरून त्या उतरून गेल्या. मामा त्यांच्याबरोबर थोडं खाली चालत गेले. ते मुद्दाम गेले हे मला कळलं.

मी दादाला फोन लावला. मागे टीव्ही चालू होता.

"काय गं, ठरलं का भंगारवाल्याचं?"

"दादा, मी जांभूळच्या चढावर आहे. गाडी घेऊन."

टीव्हीचा आवाज बंद झाला.

मी म्हणाले, "तुला एक वाचून दाखवायचंय." मी लेख उघडून ठेवला होता. आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं, एक एक शब्द. ही पद्धत ज्या शाफ्टच्या वरच्या टोकाला दुहेरी सांधा असतो त्यालाच लागू. साधा सांधा असेल तर दोन्ही टोकं समांतर ठेवा, नाहीतर सांधा निकामी होईल. "तू विचारलं होतंस, खाली काय लिहिलंय. मला हा शब्द माहीत नव्हता. मी कंपनीचं नाव म्हणून सांगितलं. वरच्या क्रॉसच्या सुयांची भुकटी झाली होती. कोनामुळेच."

 मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मग काठी फरशीवर टेकल्याचा आवाज. तो उभा राहिला असावा. मी माफ कर म्हणणार होते. पण ते म्हटलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून मी थांबले.

"आता किती ठेवलाय?" त्याने विचारलं. आवाज कोरडा होता.

"चार."

"वरचा?"

"पाच."

"एक कमी का?"

"जोर लागला की पाटा पिळतो."

"मोजलं कोणी?"

"मामांनी. मी नाही."

 खाली मामा पाठमोरे उभे होते, हात मागे बांधून.

"चढावर उभी केलीयस ना गाडी?" दादा म्हणाला.

"हो."

"चाकामागे दगड लावलाय?"

"लावलाय."

"हात लावून बघ."

मी खाली वाकले. दगड उन्हाने तापला होता. मी तो दोन्ही बाजूंनी ढकलून बघितला.

"घट्ट आहे," मी म्हणाले.

"मग ये घेऊन," दादा म्हणाला.